डावीकडचा अर्धा भाग

वागळे इस्टेट, सोळा नंबर रोड.
आमचं खातं स्पिनिंगचं.
पत्रा गरगर फिरतो, मी दांडा रेटतो
बगलेत धरून, सगळं अंग घालून,
आणि चपट्या चकतीला पोट सुटतं.
बत्तीस वर्षं पराती, घमेली, दिव्यांच्या टोप्या,
एकदा एका देवळाचा कळस.

आणि या मार्चात चाळीस ढाली.

ऑर्डर टिपणीसबाईंची. कॉलेजात इतिहास शिकवतात,
राहतात चरईत.
अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक माणसं कशी लढायची
ते म्हणाल्या पोरांना मैदानात उभं करून दाखवायचंय,
फळ्यावर नाही दिसत.
तीन फूट व्यास, वर पितळ, आत लाकूड.
मी म्हटलं, बाई, ही तर रुखवताची परात.
हसल्या. म्हणाल्या, मूठ कुठंय बघा.

मूठ मधोमध नव्हती.
मधोमध एक रुंद कडं, त्यात कोपरापर्यंत हात,
आणि मूठ पार काठाला.
पहिली तयार झाली तशी चढवून बघितली.
छाती झाकली, पोट झाकलं,
आणि निम्मी ढाल डावीकडे बाहेर,
नुसती हवा राखत.
मापात चूक आहे, मी म्हणालो,
एवढं पितळ फुकट.

फुकट नाही, तो भाग डावीकडच्याचा.
तुमची उजवी कूस
उजवीकडचा झाकेल.

मशीन बंद होतं तरी मला काही ऐकू येईना.

बाई सांगत होत्या. अशी रांग चालू लागली
की आपोआप उजवीकडे कलते,
जो तो शेजाऱ्याच्या पितळेत शिरू बघतो.
आणि उजवीकडे अगदी टोकाला उभा, त्याला?
त्याला कुणी नाही.
आणि ढाल टाकून पळतो, त्याला?
त्याला त्यांच्याकडे एक शब्द होता.
बाईंनी तो सांगितला. मी लिहून घेतला नाही.

टाळेबंदीच्या साली गेटवर आमची रांग होती.
माझ्या डावीकडे कोळशेतचा हसुराम केणी,
तंबाखू मळायचा तेही दोघांच्या वाटणीची.
चौऱ्याहत्तर दिवस.
पंचाहत्तराव्या दिवशी मी मागच्या दाराने जाऊन
हमीपत्रावर सही केली.
कारण होतं.
कारण रांगेतल्या प्रत्येकाकडेच होतं.
केस हसुरामवर झाली, नोकरी हसुरामची गेली.
त्याने कधी विचारलं नाही.
अजून सुके बोंबील पाठवतो, कागदात नीट बांधून.
तेच नाही गिळवत.

ढाली टेम्पोत चढवत होता रामसूरत,
चार-चार एकात एक, डोक्यावर उपड्या.
त्याने विचारलं, लढाईच्या जागेपर्यंत हे वजन
ते लोक स्वतः न्यायचे?
बाई जरा थांबल्या.
गुलाम न्यायचे, म्हणाल्या.
त्यांची नावं?
तेव्हा खाली वाकून त्या
पाकिटातले पैसे पुन्हा मोजू लागल्या.

मैदानात चाळीस पोरं उभी राहिली.
शिट्टी झाली. आधी खिदळणं,
मग पितळेवर पितळ, एक आवाज,
मग खरंच काहीतरी चालू लागलं,
पोरांहून मोठं, ऐंशी पायांचं.
आणि बारा पावलांत रांग उजवीकडे कललीच.
टोकाची मुलगी व्हॉलीबॉलच्या खांबाला घासली,
तिच्या उजव्या दंडावर लखलखीत ऊन.
तिने एकदाच त्या बाजूला बघितलं
आणि डावा हात आणखी बाहेर काढला.

मी कुंपणाशी, बिलाची सही घ्यायची म्हणून थांबलेलो.
डावीकडे रामसूरत,
चाळीस ढाली वाहून मोकळ्या हातांचा.
बिलबुक माझ्या डाव्या हातात होतं.
ते मी जरासं
बाहेर धरलं.

वीतभर बिलबुक. किती झाकणार ते.