बाणा

मागावर एक काटा असतो, बोटभर लांबीचा.
बाणा तुटला की तो आडवा येतो
आणि माग थांबतो.
कुणाचा माग, कुणाची पाळी, विचारत नाही.
(बाणा म्हणजे आडवा धागा.
आमच्या खात्यात त्याला दुसरा अर्थ नव्हता.)

तेहतीस वर्षं मी घडीखात्यात बसलो,
अक्कलकोट रोडच्या आमच्या सोसायटीत,
खिडकीशी चादर धरून चुका बघत.
चूक दिसली की खडूची फुली.

मग देखरेखीवर नागभूषण आला,
चेअरमन चिलवेरींच्या साडूचा धाकटा.
पहिल्याच आठवड्यात त्यानं
चोवीस मागांचे काटे तारेनं बांधून टाकले.
माग थांबला की नुकसान होतं, म्हणाला.
खरंच, त्या महिन्यात मीटर वाढले.
पेढे वाटले. मीही खाल्ला.

जॉबर हुसेनबाशानं तीनदा तार सोडली.
चौथ्यांदा त्याची बदली झाली
गेटवर, टोकन मोजायला.
बोलला काही नाही.
पक्कड तेवढी घरी घेऊन गेला.

चादरीत मोर उतरायचे,
आणि मोराच्या मानेत विरळ पट्टी,
पलीकडचा दिवा दिसेल इतकी.
मी फुली मारायचो.
संध्याकाळपर्यंत ओल्या फडक्यानं ती पुसलेली असायची.
गठ्ठ्यात चांगला माल वर, मोर मध्ये.

हैदराबादहून गठ्ठे परत आले की
चौकशी समिती बसायची:
नागभूषण, त्याचा मेहुणा, आणि चहा.
पहिल्या अहवालात दोष सुताचा निघाला.
दुसऱ्यात दमट हवेचा.
सोलापुरात.
मे महिन्यात.

तो अहवाल वार्षिक सभेत वाचला गेला.
मंजूर, मंजूर. हात वर झाले.
माझाही.

आता सांगायला हरकत नाही.
माझा जावई तेव्हा नुकताच गोदामात लागला होता,
अर्ज न करता.
मीच गेलो होतो चिलवेरींच्या घरी,
शेंगाचटणीचा डबा घेऊन.
दाराशी चप्पल काढली, तिथं
नागभूषणच्या बापाची चप्पल आधीच होती.
मी माझी तिच्याशेजारी नीट लावली.

परवा माग किलोवर गेले.
हुसेनबाशा आला होता, हातात तीच पक्कड.
एकेक तार कापत गेला.
भंगारवाला म्हणाला, चाचा, आता कशाला?
म्हणाला, बांधलेला जाऊ नये.

काटे सुटले, एकामागून एक आडवे आले,
थांबवायला काही नव्हतं.
मी शेजारीच उभा होतो.
सवयीनं खिशात खडू होता.
फुली कुठं मारायची तेही ठाऊक होतं.
खडू काही काढला नाही.