हेही पाहा

मेंदूवरचं हे माझं एकोणिसावं पुस्तक.
म्हणजे लिहिलेलं नव्हे,
मी मागची सूची करते.
सूची कोण वाचतं, असं कुणी विचारलंच
तर सांगते : घाईतली माणसं.

पिटनवीमच्या धक्क्यावर डिसेंबरात
दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात
आणि खिडकीशी बसून मी लावत असते
आळस, पाहा : इच्छाशक्ती
इच्छाशक्ती, पाहा : सवय
सवय, पानोपानी.
आशा : १२, ४०, ८८ ते ९३.

लेखक आनंदी गृहस्थ आहेत.
त्यांच्या लेखी मेंदू म्हणजे ओली माती,
एकवीस दिवस थापा, हवा तो माठ घ्या.
पहाटे पाचला उठा. गार पाण्यानं अंघोळ करा.
(आमच्या धक्क्यावर गार पाण्याचं
कौतुक कुणालाच नाही.)
असो. मला पटलं पाहिजे असं थोडंच आहे,
मला पानाचा आकडा बरोबर हवा.

लॉकलन माझा पाठचा भाऊ.
तीस वर्षं शेवंडीचे पिंजरे टाकले त्यानं
याच पाण्यात.
मार्चमध्ये डोक्यात गुठळी अडकली,
वाटाण्याएवढीसुद्धा नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आणि नामं गेली.
क्रियापदं राहिली, बरीचशी.
शिव्या राहिल्या. सगळ्या. शाबूत.
(शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, पान १६१.
वाचून मला हसू आलं, मग बराच वेळ आलं नाही.)

चमच्याला तो मंगळवार म्हणतो.
होडीला म्हणतो, ती.
माझं नाव त्याच्या जिभेच्या टोकाशी येतं,
भरतीची वाट पाहत असल्यासारखं थांबतं
आणि मागे फिरतं.
इशबेल. दोनच तर तुकडे आहेत.

एका रात्री मी त्याला सातवं प्रकरण वाचून दाखवलं,
मेंदू जन्मभर नव्या वाटा पाडत राहतो ते.
त्यानं नीट ऐकून घेतलं.
मग म्हणाला, "वाट आहे गं.
तिथे कुणी राहत नाही."

हे लेखकांना कळवावंसं वाटलं.
पत्ताही होता. नाही कळवलं.

कॉम्प्युटर यायच्या आधीची माझी कोरी कार्डं
बुटांच्या खोक्यात पडून होती.
त्यांवर चित्रं काढली : किल्ली, कप, सील मासा
(सील मासा नसतो, हे तो शिवी घालून सांगतो,
म्हणजे ते आठवतं)
रोज वीस मिनिटं, जेवणाआधी.
एकविसावा दिवस आला नि गेला, रविवार होता.
चाळिसावा. त्यानंतर मोजणं सोडलं.
किल्ली आली एकदा, पुन्हा फिरकली नाही.
कप आला आणि राहिला.
त्या दिवशी बेकरीतून आख्खा केक आणला आम्ही
आणि कप, कप, कप म्हणत
दोघांनीच संपवला.

शुक्रवारी सूची पाठवायची आहे.
आमच्या धंद्यात एकच धर्म :
पुस्तकात नाही ते सूचीत नाही.
एकोणीस पुस्तकं पाळला.
आत्ता 'म' लावताना
मन, मनोबल, मनःशांती यांच्या खाली
मी टाकलंय
मंगळवार : २०४.
दोनशे चार कोरं पान आहे,
प्रकरण संपल्यावर सुटलेलं.
क्रमही चुकलाय, मंगळवार मनाच्या आधी यायला हवा.
बघू, प्रूफात कुणी पकडतं का.

बाहेर इंजिनाचा आवाज.
लॉकलन आवाजावरून होडी ओळखतो अजून,
नाव नाही सांगता येत, पण मान हलते,
ही नाही, ही नाही, हां.
चष्मा शोधत खिडकीशी येतो,
माझ्या कागदांवरच हात टेकतो
आणि म्हणतो, "बघ."

आशेचे आकडे त्याच्या तळव्याखाली.
मी बघते.