शो सुटला की स्टँडवर

मी पिच्चर बघितला नाही.
माझ्याकडं बिल्ले आहेत, पितळी, नंबर ठोकलेले,
एक तुमच्या हातात, एक हँडलला,
आणि अडीच तासांनी बिल्ल्याबरोबर
तुमचं तोंडही मला दिसतं.

पहिल्या दिवशी सहाचा शो सुटला
आणि कुणी किक मारेना.
लक्ष्मीपुरीत बावीस वर्षं गाड्या लावतोय,
मारामारीचा सुटला की पोरं सीटवर उडी टाकतात,
रडायचा सुटला की बायका आधी पर्स चाचपतात.
हा सुटला आणि माणसं आपापल्या गाडीला धरून उभी,
ज्याचं आडनावही नीट ठाऊक नाही
अशाच्या मयताला आल्यासारखी.

मग बावड्याचा पोरगा फुटला,
"पैसं परत मागूया. खुनी कोण त्येच सांगितलं न्हाई लेकानं!"
"सांगितलं की खुळ्या. तुझं ध्यान वड्यात."
"कोण मग?"
जोडीदार बिल्ला शोधत राहिला खिशात.
बिल्ला हातातच होता.

आप्पासो घोटणे, मटणाचं दुकान,
"रगात खोटं हाय. रगात असं वाळत न्हाई.
बाकी समदं बराबर."
शाळेच्या उदगावकर बाई हेल्मेट घालता घालता म्हणाल्या,
"आपली गावं अशी नसतात."
हेल्मेटच्या आतून परत एकदा म्हणाल्या.
मला ऐकू आलं ते निम्मंच.

दुसऱ्या दिवशी दोघा भावांत जुंपली,
एक म्हणे असलं दाखवून काय मिळतं,
दुसरा म्हणे दाखवलं नाही म्हणून काय मिळालं.
एकाच गाडीवर आले होते,
धाकटा चालत गेला बिंदू चौकाकडं.

आणि ते कळंब्याचे पाटणे.
इंटरव्हलला उठून माझ्या बाकड्यावर येऊन बसले,
"डोकं दुखतंय," म्हणाले, तंबाखू मळली,
मळतच राहिले.
सुशीलाकाकी आत. शेवटपर्यंत.
बाहेर आल्या तसं विचारलं त्यांनी,
"पुढं काय झालं?"
"तुम्ही उठलासा," काकी म्हणाल्या,
"त्येच झालं. समदे एकेक करून उठले."
गाडीवर दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली त्यांनी.
एरवी हँडलला असते.

असा तुकड्यातुकड्यानं जमवलाय मी तो पिच्चर.
लहान गाव, साखर कारखाना, मळीचा वास,
(वास कुणी सांगितला नाही, तो मीच घातला)
एक पोरगी परत येत नाही,
कालव्याच्या कडंला तिची सायकल,
आणि सायकलला कुलूप.
कुलपावर सगळ्यांचं अडतं.
कुणी म्हणतं तिनं लावलं, म्हणजे परत येणार होती.
कुणी म्हणतं दुसऱ्यानं लावलं.
डायरेक्टर म्हणे चावी दाखवतो,
हात दाखवत नाही.

बिल्ला नंबर सत्तेचाळीस.
अकरा वर्षं झाली असतील.
लेडीज सायकल, कॅरियरला वह्या बांधायचं रबर,
दुपारच्या शोला लागली ती लागलीच.
महिनाभर रोज पुसली मी.
मग मागं सरकवली, मुतारीच्या भिंतीला.
पोलीस ठाणं इथनं पाच मिनिटांवर आहे, चालत.
मी म्हणालो कुणीतरी येईल की विचारत.
कुणी आलं नाही, आणि मी गेलो नाही,
दोन वर्षांनी भंगारवाल्यानं तीनशे ऐंशी दिले.
त्यातले ऐंशी मी
देवळाच्या पेटीत टाकले. का, विचारू नका.

नवव्या दिवशी पिच्चर उतरला.
शेवटच्या शोला गेटवरचा सर्जेराव म्हणाला,
"बस की मागच्या रांगंला. तिकीट कोण मागतंय तुला?"
मी म्हणालो, गाड्या कोण बघणार.
गाड्या तीनच होत्या.

रात्री बिल्ले तारेत ओवले, नेहमीसारखे.
पंचेचाळीस.
सेहेचाळीस.
अठ्ठेचाळीस.