काट्यावरचा ड्रायव्हर

सोहारच्या बंदर रस्त्यावर, खडीच्या ट्रकांच्या काट्यापाशी
ऑगस्टात रात्री दोनलासुद्धा केबिनच्या काचेला बाहेरून घाम फुटतो.
जुना कॉम्प्युटर मेला. नव्याला काटा ओळखेना.
कार्ड बनवणारी कंपनी बुडालेली; सोबत आलेली सीडी
कुणीतरी वर्षभर करक चहाच्या कपाखाली ठेवत होता.

गुलजमीरने पावतीसाठी खिडकीत हात घातला:
काय लिहितोस?
ड्रायव्हर.
तो मागच्या रांगेकडे बघून हसला.
अठ्ठावीस उभे आहेत. आणखी कशाला?

वहीतले प्रश्न मी सोलकरचाचांना फोनवर वाचून दाखवायचो.
तेहतीस वर्षं मस्कतला, बोलणं अजून राजिवड्याचं.

साठ टनांचा ट्रक म्हणजे फाइल कशी?
ट्रक नाही रे, काटा. उघड, वाच, बंद कर,
वरच्याला एवढंच ठाऊक असू दे. खालचा चिखल तुझा.

वाचायला गेलो आणि काट्यावर कुणीच नसलं तर?
झोपायचं.
उठवणार कोण?
ज्याचं वजन आहे तो.

मग इंटरप्टमध्ये झोपलं तर का चालत नाही?
इथे चिडले.
दार वाजलं, तू उघडायला गेलास आणि उंबऱ्यावरच आडवा झालास,
तर घरातल्यांनी यायचं-जायचं कुठून?
चिठ्ठी घे, आत टाक, सरक. वाचत बसू नकोस.

तरी मी बाहेरून आलेला पत्ता सरळ वापरला
आणि अख्खं मशीन काळं पडलं.
माझा प्रोग्राम नव्हे, मशीन. रांगेतून हॉर्न सुरू.
गेटवर बताका न बघता आत सोडतात का तुमच्यात?
नाही.
मग पॉइंटरला कसा सोडलास?

ड्रायव्हर काढून घेताना काय करायचं, हे विचारलं
तेव्हा मात्र हळू बोलले:
घेतलेलं सगळं परत. उलट्या क्रमानं.
शेवटी मागितलेलं आधी, नाव सगळ्यात शेवटी.
मागे पॅकिंगची टेप फाडल्याचा आवाज येत होता.
मी विचारलं नाही.

पहाटे रांग तुटली. काट्यावर मीच जाऊन उभा राहिलो,
चप्पल काढून, का कोण जाणे.
धावत आत आलो. पडद्यावर:
पंधरा हजार तीनशे साठ किलो.

चाचा खोकेपर्यंत हसले.
बाइट उलटे वाचलेस. कुठल्या बाजूनं वाचायचं,
हे या मुलुखात आल्या आल्या विचारायचं असतं.

दोन ओळी बदलल्या. पुन्हा उभा राहिलो.
साठ.
मी चौसष्टचा. पण हा काटा वीस-वीसनीच मोजतो,
मधलं धरत नाही; त्याला ड्रायव्हर काय करणार.

सहाला गुलजमीर भरून परत आला.
झाला तुझा ड्रायव्हर?
झाला.
लायसन्स आहे त्याच्याकडे?

मी फाइलीच्या तळाशी गेलो.
खरंच एक ओळ राहिली होती.