हिशोबाबाहेरची हवा

मेल्विन डाइकचा पिकअप दिसण्याआधी ऐकू येतो.
चौऱ्याऐंशीचा फोर्ड, सहा सिलिंडर,
एक दार दुसऱ्याच कुठल्या ट्रकचं.
अंगणात येऊन उभा राहतो, पण स्वस्थ राहत नाही:
बाराशे फेरे, तेराशे, मध्येच ठेच,
बाजूचा आरसा असा थरथरतो
की त्यात सस्कॅचवानचं सगळं आभाळ धूसर.

मेल्विन उतरतो इंजिन बंद न करता,
एक पाय पायरीवर ठेवून.
बंद केलं तर परत लागेल याची खात्री नसलेली माणसं
अशीच उतरतात.

‘प्लग बदलले,’ म्हणतो. ‘वायरी. डिस्ट्रिब्यूटरची टोपी.
रोझटाउनचा एकजण म्हणतो, कार्बुरेटरच नवा घाल.
चारशे डॉलर.’
रोग रेड्याला आणि औषध पखालीला.
मी म्हणते, आधी ऐकू या.

आधी चोक. तापल्यावर पुरता उघडलाय.
मिटलेला असता
तर गोष्ट इथंच संपली असती, मीही जेवायला गेले असते.

मग घड्याळ लावलं नळीला.
काटा अठरावर निवांत बसायला हवा,
तो चौदावर, कापतोय.

लोकांना वाटतं इंजिन ढकलतं.
खरं म्हणजे ते ओढतं, सारखं ओढतं.
कार्बुरेटरच्या तोंडातून आत येणाऱ्या हवेला
मोजून पेट्रोल मिळतं.
पण भेगेतून घुसलेली हवा
कुणाच्याच वहीत नसते. ती उपाशी येते
आणि बाकीच्यांच्या ताटावर बसते.

गोल्फ मी आयुष्यात खेळले नाही,
पण खिशात गोल्फच्या लाकडी खुंट्या असतात;
बारीक नळ्यांच्या तोंडाला अगदी बेताच्या.
एक नळी काढायची, खुंटी ठोसायची, कान द्यायचा.
काही नाही. पुढची. काही नाही.
मॅनिफोल्डच्या सांध्यावर स्प्रे, थोडाच, जपून,
कारण हे सगळं पेटणारं आहे.
काही नाही. कार्बुरेटरच्या बुडाशी. नाही.
ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी जाड नळी,
तिची खालची बाजू, जिथं नजर पोचत नाही,
तिथं फवारा गेला
आणि इंजिन दोन सेकंद शहाण्यासारखं बोललं.

हात घातला. भेग बोटभर,
वर काळ्या टेपचे तीन थर, वाळून सुटत आलेले,
पण काय नीट गुंडाळलेले!
शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं,
पुढच्याला सोडवता यावं म्हणून.

‘हे कुणाचं काम?’
‘नेटाचं. ती नर्स होती.’

मी पान्याकडे पाहिलं.

‘मग तो फाटकावर बंद पडायला लागला,’ तो म्हणाला,
‘गाडी येताना दिसतेय आणि हा रुळांवर.
म्हणून मी तो स्क्रू आवळला. पाव फेरा.
पुढच्या हिवाळ्यात आणखी पाव.’
किती हिवाळे ते त्यानं सांगितलं नाही,
स्क्रूनं सांगितलं.

नवी नळी, अकरा डॉलर.
चालू केला तर थेट सोळाशे.
ठेचा गेल्या, पण ओरडणं वाढलं.
मेल्विनचा चेहरा पडला.
‘वाढणारच,’ मी म्हणाले.
‘तुझा स्क्रू अजून जुन्या भोकाचा हिशोब धरून बसलाय.’

उलटा फिरवला, घाई न करता.
हजार. नऊशे. साडेसातशे.
साडेसहाशेला हात काढून घेतला.

मागच्या खोलीतला फ्रिज ऐकू आला.
दूर धान्याच्या कोठाराचा पंखा.

‘बंद पडला,’ तो म्हणाला.
‘हात ठेव.’

त्यानं हातमोजा काढला, दातांनी,
आणि पंजा मडगार्डवर टेकवला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग निघताना पैशांच्या आधी
ती जुनी नळी मागितली. टेपसकट.