सातवा प्रश्न

ग्लासगोतल्या त्या चौदा मजली इमारतीत
विद्यापीठाची मुलगी आली, छापील कागद घेऊन.
सातवा प्रश्न होता :
तुम्ही खिडक्या किती वेळ उघड्या ठेवता?

इशबेल हसली. चहा पुढे सरकवला.
"पोरी, हा घरमालकाचा प्रश्न.
आमचा वेगळा आहे."

सातवा खोडला,
त्या जागी काय लिहायचं
यातच तीन गुरुवार गेले.

सेनाइतनं ओल मोजायचं यंत्र
आधी स्वतःच्या तळहाताला लावलं.
तिथंही ओल निघाली.
मग पाळण्यामागच्या भिंतीला.
आकडा तिग्रिन्यात मोठ्यानं वाचला,
इशबेलनं तो अडखळत परत म्हटला.

आणि बाराव्या मजल्यावरचा म्हातारा,
ज्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं,
त्यानं वहीच आणून ठेवली :
अकरा हिवाळे.
बायकोचा खोकला, रात्रीमागून रात्र,
एकेक रेघ.
शेवटची चार पानं कोरी.

मुलीनं पेन खाली ठेवलं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"अहवालावर नाव कुणाचं घालायचं?"

ते अजून ठरायचंय.
लिफ्ट बंद आहे.
यंत्र आज नवव्यावर,
उद्या दहाव्यावर,
जिना चढतंय
हातोहात.