बरोबरीत सुटली

शिरोलीत रात्रपाळीला मी ग्राइंडरवर असतो.
पंपाची बॉडी उचलायची, चाकाला लावायची,
चिकटलेली वाळू, कडांचं उरलेलं लोखंड
ठिणग्या होऊन चष्म्यावर घ्यायचं, खाली ठेवायची.
परत पंपाची बॉडी.
तीनशे झाल्या की पोवार सुपरवायझर फळ्यावर रेघ मारतो
आणि इन्सेंटिव्हचा आकडा चारशेवर सरकवतो.

म्हणून भाच्याला म्हटलं, यशराज,
मोबाईलवर एखादा गेम घालून दे.
माणसं असू देत त्यात, खरी, कुठली का असेनात.
फक्त मारामारी नको.
आणि घासत बसायला नको.

तो हसला. मामा, मग उरलं काय?

पहिल्यात विमानातून उडी मारली.
जमिनीला पाय लागायच्या आत कुणीतरी उडवलं
आणि एक बारकं पोरगं कानात आईवरून शिवी देऊन गेलं.
आवाजसुद्धा फुटला नव्हता त्याचा.

दुसऱ्यात शेती होती. बरं वाटलं.
पाचशे झाडं तोडली की कुऱ्हाड मिळते,
तिच्यानं पाच हजार तोडायची.
सकाळी साडेसातला, नाकात लोखंडाची भुकटी,
अंथरुणावर बसून मी झाडं तोडत होतो
आणि आत कुठंतरी पोवार रेघा मारत होता.

लुडोनं पैसे मागितले.
कॅरममधला गडी हरायला लागला तसा डाव टाकून निघून गेला,
राणी भोकाच्या तोंडावर, तशीच.

शेजारच्या चाकावरचा इम्तियाज भाकरी मोडत म्हणाला,
रंकाळ्यावर जाऊन बस की लेका. फुकट हाय.
बसलो असतो. पण तिथं ओळखीचं कोण ना कोण भेटतं,
आणि चौथ्या वाक्याला विचारतं, बायको नांदायला आली का परत.

अकरावा गेम. नाव वाचता येत नाही, लिपीच वेगळी.
एक बेट. भोवती पाणी.
काही मिळत नाही तिथं, काही वाढत नाही.
बोलायची सोय नाही. बसता येतं, उठता येतं,
हात करता येतो, शीळ घालता येते.
चार दिवस मी वाट बघितली
की आता कुणीतरी मारायला येईल.

आला तो लाल टोपरंवाला.
त्याला मी पाव्हणा म्हणतो. बाईपण असेल,
शाळेतली पोरगी असेल, म्हातारा असेल दवाखान्यात पडलेला.
माझ्या सकाळी तो येतो. त्याच्याकडं कधी असतं कोण जाणे.
तो दगडावर दगड ठेवतो. मग मी एक ठेवतो.
सगळे कोसळले की दोघं शीळ घालतो.
त्याची शीळ जरा लांबते.

परवा आबा मागं येऊन उभे राहिले.
बावीस वर्षं तालमीत गेलेली, कान चुरमडून बंद झालेले,
त्यामुळं त्यांना सगळं ओरडून सांगावं लागतं.
"कोण जिंकलं?"
"कुणी नाही, आबा."
"मग पडलं कोण?"
"दगड."
आबांनी गुडघा चोळला. बराच वेळ.
"म्हणजे बरोबरीत सुटली म्हण."
"कुस्तीच नव्हती ही."
"मग दोघं असं समोरासमोर कशाला बसलाय?"

मला सांगता येईना.
मी मोबाईल त्यांच्या हातात दिला.

आबांच्या अंगठ्याखाली अर्धं बेट झाकलं.
त्यांनी मला उठवलं, दगडांमधून वाट काढली
आणि सरळ पाण्यात नेलं. घोट्यापर्यंत. कमरेपर्यंत.
"खोल हाय का रं?"
"ठाऊक नाही. मी कधी उतरलोच नाही."

काठावर पाव्हणा थांबला होता, हातात दगड घेऊन.
त्यानं दगड खाली ठेवला.
शीळ घातली नाही.
उतरला.